चुलीवर निजणारा माणूस

गेल्या मार्गशीर्षांत आमचा नातू आठ दिवसांकरितां विंचुरास आला होता. पुण्यांत वाढणाऱ्या मुलाला आमच्या निफाड तालुक्याच्या थंडीची कल्पना नसते. महाराष्ट्रांत पारा फार खालीं उतरल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते, तेव्हां तींत पुष्कळदां निफाडचेंच नांव असतें. त्या दिवसांत द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या धुमसत ठेवाव्या लागतात, आणि पहांटे गव्हाच्या पात्यांवर पांढरें हिंव दिसतें. अशाच एका पहांटे आमचे हे सात वर्षांचे पाहुणे अंगाभोंवतीं गोधडी गुंडाळून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले, आणि मोठ्या गंभीरपणें त्यांनीं विचारलें, "आजोबा, ओट्यावर शेगडीशेजारी झोपलं तर चालेल का?" सूनबाई हसल्या. मला मात्र हसूं आलें नाहीं. चुलीवर निजण्याचा प्रश्न आमच्या घराला नवा नव्हता. पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीं याच स्वयंपाकघरांत त्यावर दोन दिवस खल झाला होता, आणि तो मिटविण्यासाठीं थेट मॉस्कोस पत्र धाडावें लागलें होतें.

ती हकीकत सांगावयाची तर आधीं आमच्या दादाविषयीं सांगितलें पाहिजे. दादा म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा मुलगा. माझ्याहून तेरा वर्षांनीं मोठा. आमच्याच तालुक्यांत ओझर येथें १९६४ सालीं मिग विमानांचा कारखाना निघाला. विमानाची जात रशियन, परवाना रशियन, नकाशे रशियन. दादा तेथें दोन वर्षांनीं कामगार म्हणून लागला. माझे वडील, ती. अण्णा, गांवांत याज्ञिकी करीत आणि घरीं चार मुलांना संस्कृत शिकवीत. अशा घरांतला मुलगा हातांत लोखंड धरणार, हें त्यांना फारसें रुचलें नव्हतें. शनिवारीं सायंकाळच्या एस्.टी.नें दादा घरीं येई. इतरांच्या वडील भावांच्या पिशवींत गोळ्या-बिस्किटें असत. आमच्या दादाच्या पिशवींत पुस्तक असे.

त्या पुस्तकांविषयीं नव्या वाचकांस थोडें सांगावयास हवें. परकीय भाषांतून पुस्तकें काढणारें एक मोठें सरकारी प्रकाशनगृह मॉस्को येथें होतें. १९६३ सालापासून तें 'प्रगति प्रकाशन' या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. पुढें १९८२ सालीं ललित वाङ्मय व बालवाङ्मय यांची शाखा निराळी होऊन तिला 'रादुगा', म्हणजे इंद्रधनुष्य, असें नांव मिळालें. जगांतील अनेक भाषांबरोबर मराठींतहि तेथें पुस्तकें निघत. अनिल हवालदार यांच्यासारखे अनुवादक त्यासाठीं मॉस्कोंत राहिले. इकडे मुंबईच्या लोकवाङ्मय गृहामार्फत तीं विकलीं जात, आणि किंमत अशी कीं, कामगाराच्या खिशाला ती सोसावी. उरलेला खर्च तेथील सरकार सोशी. त्यांत प्रचाराचा हेतु होता हें कोणी सांगावयास नको. पण हेतु कांहींहि असो, आमच्या हातीं जें पडलें तें जाड कागदाचें, पानापानावर रंगीत चित्र असलेलें, मराठी अक्षरांत छापलेलें पुस्तक होतें. त्या वेळचीं आमचीं शाळेचीं पुस्तकें आठवून पाहावींत. त्यांतील घोडा आणि गाढव यांतला भेद चित्राखालच्या ओळीवरून करावा लागे.

त्याच पिशवींतून 'सोव्हिएत देश' हें नियतकालिकहि येई. तें वाचलें किती आणि वह्यांना कव्हरें घालण्यास लागलें किती, याचा हिशेब न काढलेला बरा. आमच्या वर्गांत निम्म्या मुलांच्या अंकगणितावर गव्हाचें पीक कापणारीं यंत्रें असत, आणि उरलेल्यांच्या व्याकरणावर अंतराळवीर.

त्यांतील कित्येक गोष्टी मला आजहि पाठ आहेत. व्हिक्टर द्रागून्स्की यांनीं देनिस नांवाच्या मुलाच्या गोष्टी लिहिल्या आहेत. त्यांतील एकींत देनिस अंगणांत आईची वाट पाहत बसला आहे. अंधार पडत चालला, पोटांत भूक, आणि आईचा पत्ता नाहीं. हातांत नवी कोरी खेळण्यांतली मालमोटार आहे. तेवढ्यांत एक मित्र येतो, ती मोटार मागतो, आणि मोबदल्यांत आगपेटींत ठेवलेला एक काजवा देतो. आई आल्यावर चकित होते: एवढी मोलाची वस्तु एका किड्यासाठीं कशी दिलीस? मोटार निर्जीव आणि काजवा सजीव, एवढेंच त्या मुलाचें साधें गणित. ज्या राज्यांत यंत्राखेरीज दुसरें दैवत नाहीं असें आम्हांला सांगितलें जाई, त्या राज्यांतली ही गोष्ट!

दुसरी हातमोज्याची. एका म्हाताऱ्याचा हातमोजा बर्फांत पडतो. त्यांत उंदीर शिरतो. मग बेडूक, ससा, कोल्हीण, लांडगा, रानडुक्कर, आणि शेवटीं अस्वल. येव्गेनी राचेव या चित्रकारानें त्या प्राण्यांना खेडुतांचे अंगरखे चढवून जीं चित्रें काढलीं आहेत, तीं पाहून आमची आजी म्हणाली, "अगं बाई, हा तर दिवाळींतला आपलाच वाडा!" आमच्या घरांत तेव्हां चौदा माणसें होतीं, सणावारीं वीस होत. गोष्टीच्या शेवटीं म्हाताऱ्याचें कुत्रें भुंकतें आणि सारे प्राणी दाही दिशांस पळतात, हें ऐकून तिनें पुस्ती जोडली, "कुत्रें भुंकलें कीं वाटण्या." ती मूळची युक्रेनची लोककथा, हें मला फार उशिरां कळलें. तेव्हां आम्हांला तिकडचें सारेंच रशियाचें वाटे.

आर्कादी गैदार यांची दोन भावांची गोष्ट आमच्याकडे हिंदींत होती. ती मी आजीला मराठी करून सांगें. थोरल्याचें नांव चूक, धाकट्याचें गेक. आजीला हसें आवरेना. "पोराचें नांव चूक ठेवलें, मग धाकट्याचें दुरुस्ती तरी ठेवावयाचें!" त्यांचे वडील दूर अरण्यांत भूगर्भशोधकांच्या तुकडीवर असतात, आणि आई मुलांना घेऊन आगगाडीनें व पुढें बर्फावरच्या घसरगाडीनें त्यांच्याकडे निघते. इतक्यांत येणें लांबणीवर टाका अशी तार आलेली असते. परंतु ती ज्या डबींत ठेवली ती डबी भावांच्या भांडणांत खिडकीबाहेर जाते, आणि मुलें भीतीनें आईला कांहीं सांगत नाहींत. तिघें तेथें पोंचतात तों राखणदाराखेरीज कोणी नाहीं. शेवटीं वडील परततात, आणि नव्या वर्षाच्या पूर्वरात्रीं सारे एकत्र बसून क्रेमलिनच्या घड्याळाचे ठोके ऐकतात. आजीनें ही गोष्ट माझ्याकडून किती वेळां वदवून घेतली असेल! दर वेळीं तारेपाशीं ती म्हणे, "सांग रे बाबा आईला, अजून वेळ आहे."

आतां चुलीची गोष्ट. एका रशियन लोककथेंत येमेल्या नांवाचा आळशी तरुण दिवसभर चुलीवर निजलेला असतो. पुढें एक जादूचा मासा त्याला सांपडतो, आणि त्याच्या कृपेनें ती चूलच येमेल्याला घेऊन राजाकडे चालूं लागते. मासा बोलतो आणि चूल चालते, हें आजीनें विनातक्रार मान्य केलें. पुराणांत याहून अवघड गोष्टी आहेत. परंतु माणूस चुलीवर निजतो हें तिला काहीं केल्या पटेना. "भाजून निघेल मेला! आणि चूल ओंवळी झाली त्याचें काय?" काकांनीं निर्णय दिला कीं, छापतांना शब्द चुकला असावा. अण्णांनीं पुस्तक हातांत न घेतांच सांगितलें कीं, येथें लक्षणा मानावी. गंगेवर गवळ्यांची वस्ती म्हणजे जशी गंगेच्या तीरावर, तसें चुलीवर म्हणजे चुलीजवळ. आजीला लक्षणाहि पटली नाहीं. "मग चूल चालत गेली तेव्हां हा तिच्याजवळून पळत होता का?" या आक्षेपाला अण्णांपाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. दादानें पुस्तकाचें शेवटचें पान उघडून दाखविलें. त्या प्रकाशनाच्या पुस्तकांत वाचकांना विनंति असे कीं, अनुवाद आणि मांडणी यांविषयीं आपलें मत झुबोव्स्की बुलेवार, मॉस्को, या पत्त्यावर कळवावें. "मग विचारा कीं त्यांनाच," दादा म्हणाला. हें १९७२ साल. मी पंधरा वर्षांचा होतों आणि माझें अक्षर घरांत सर्वांत चांगलें, म्हणून लेखनिक मी. आजीनें मजकूर सांगितला. आरंभ 'अनेक आशीर्वाद' असा होता, आणि शेवटीं तिकडच्या थंडीची चौकशी होती. परदेशी टपालाचा खर्च दादानें दिला.

पांच महिन्यांनीं उत्तर आलें. शुद्ध मराठींत, हातानें लिहिलेलें. रशियन खेड्यांतली चूल म्हणजे विटांनीं बांधलेली जवळजवळ एक लहानशी खोलीच असते. विस्तव पोटांत खालीं असतो आणि वरचा कट्टा सपाट व नुसता उबदार राहतो. कडाक्याच्या थंडींत घरांतील म्हातारीं माणसें आणि मुलें त्यावरच निजतात, असें त्यांत समजावून दिलें होतें. शेजारीं शाईनें काढलेलें चित्र होतें: चुलीचें तोंड, धुराडें, निजण्याचा कट्टा, वर चढावयाच्या पायऱ्या. खालची सही अण्णांनाहि लागली नाहीं. आजीनें तें पत्र हरिविजयाच्या पोथींत ठेवलें. १९७० सालीं घरांत आलेल्या आमच्या वहिनी तिला पोथी वाचून दाखवीत; अध्याय संपला कीं कधीं कधीं पत्रहि वाचावें लागे. पुराणाला येणाऱ्या बायकांना तिनें तें चित्र दाखविलें, आणि कासारालाहि. विंचूरकरांच्या जहागिरीच्या काळापासून आमच्या गांवीं पुष्कळ मोठ्या लोकांचीं पत्रें आलीं असतील. पण एका म्हातारीच्या शंकेला एवढ्या दुरून कोणी उत्तर धाडल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

अण्णांचा या पुस्तकांना विरोध नव्हता. मात्र देव न मानणाऱ्यांचीं पुस्तकें देवघराच्या खोलींत ठेवावयाचीं नाहींत, एवढा नियम त्यांनीं घातला होता, आणि तीं जिन्याखालच्या अंधारांत असत. तरी रशियाविषयीं त्यांच्या मनांत एक आदराची जागा होती. तिचा साम्यवादाशीं संबंध नव्हता. ब्योथलिंग्क आणि रोट यांचा संस्कृत महाकोश १८५५ ते १८७५ या वीस वर्षांत सात खंडांनीं निघाला तो सेंट पीटर्सबर्ग येथें. ज्या राजधानींत एवढ्या निष्ठेनें संस्कृत शब्द मोजले गेले, ती सर्वस्वीं वाईट असणें अण्णांना शक्य वाटत नसे. एकदां दादानें कोठें तरी वाचून सांगितलें कीं, बारान्निकोव नांवाच्या पंडितानें तुलसीदासांचें रामायण रशियन भाषेंत आणलें आणि तें १९४८ सालीं, म्हणजे स्तालिनच्या अमदानींत, प्रसिद्ध झालें.

"छापूं दिलें?" अण्णांनीं विचारलें.

"दिलें."

अण्णा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "तीं पुस्तकें जिन्याखालून काढ. कसर लागेल."

पुढें मी मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या पेशांत शिरलों. पेरेलमान यांच्या गमतीच्या पदार्थविज्ञानाची इंग्रजी प्रत दादानें दिली होती; तिच्यावरून कोडीं घालून मी वर्गांतल्या द्वाड मुलांना गप्प बसवीत असें. आजी १९७८ सालीं गेली. पोथी देवघरांत राहिली आणि तें पत्र दादानें पुस्तकांच्या लोखंडी पेटींत ठेवलें. तो कारखान्याच्या वसाहतींत राही. पेटी मात्र विंचुरासच होती.

येथवर सारें गोड आहे, आणि आमच्या वयाचे लोक या पुस्तकांविषयीं बोलूं लागले कीं बहुधा येथेंच थांबतात. मलाहि थांबतां आलें असतें. परंतु १९८५ नंतर गोर्बाचोव यांच्या काळांत तिकडच्या जुन्या दप्तरांचीं कुलुपें निघूं लागलीं, आणि मासिकांतून, वर्तमानपत्रांतून जें वाचावयास मिळालें तें न वाचल्यासारखें करणें मला जमलें नाहीं. तिकडचें बालवाङ्मय इतकें सरस कां, याचें एक कारण फार दुःखद आहे. ज्या कवींना मोठ्यांसाठीं मोकळेपणें लिहितां येत नव्हतें, ते मुलांच्या पुस्तकांच्या आश्रयास आले होते. तेथें नियंत्रकांची नजर कांहीं काळ तरी सौम्य होती. दानील हार्म्स हा त्यांतलाच. मोठ्यांसाठीं लिहिलेल्या त्याच्या कवितांपैकीं हयातींत दोनच छापल्या गेल्या. पोट मुलांच्या गाण्यांवर. पुढें तो आश्रयहि सुटला. १९३६ सालीं 'प्रावदा'नें मुलांच्या पुस्तकांच्या थोर चित्रकारांवर, त्यांतहि लेबेदेव यांच्यावर, झोड उठविली. १९३७ सालीं लेनिनग्राड येथील मार्शाक यांचें संपादक-मंडळ उधळलें गेलें, आणि मुलांच्या मासिकांचा संपादक ओलेइनिकोव याला त्याच वर्षीं गोळी घातली गेली. हार्म्सला १९४१ च्या ऑगस्टांत पकडलें, आणि १९४२ च्या फेब्रुवारींत वेढा पडलेल्या लेनिनग्राड शहरांत, तुरुंगाच्या रुग्णालयांत, तो गेला. १९६० सालीं तो निर्दोष होता असें जाहीर झालें. त्याच वेढ्यांत, त्याच्यानंतर महिन्याभरानें, माझे पेरेलमान उपासमारीनें गेले. एकाच्या भोंवतीं शत्रूचा वेढा, दुसऱ्याच्या भोंवतीं शत्रूचा आणि स्वतःच्या सरकारचाहि. दोघेहि मुलांना हसविणारे.

आणि चूक-गेक? ती गोष्ट १९३९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या आधल्याच डिसेंबरांत, ज्या दिवसांत नव्या वर्षाच्या घड्याळाकडे लोकांचे कान लागलेले असतात त्या दिवसांत, ओसिप मांडेलश्टाम हा कवि व्लादिवोस्तोकजवळच्या कैद्यांच्या छावणींत मेला. तोहि आगगाडीनेंच तेथवर गेला होता. नुसता एक प्रवास आईच्या मांडीवर डोकें ठेवून, दुसरा बंद डब्यांतून. गैदार यांनीं त्या दुसऱ्या गाडीविषयीं एक अक्षर लिहिलेलें नाहीं. ते पुढें १९४१ सालीं युद्धांत लढतां लढतां पडले. त्यांना भित्रा म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. तथापि आजीला इतक्या वेळां सांगितलेली ती गोष्ट मला पुन्हां पूर्वीसारखी वाचतां येईना. फसविलों गेलों असें वाटलें, आणि फसवणुकीचा राग मनुष्य बहुधा जवळच्यावर काढतो.

१९८९ च्या दिवाळींत मीं हें सारें दादासमोर मांडलें. कात्रणें काढून ठेवलीं होतीं. दादानें तीं नीट वाचलीं, घडी करून परत दिलीं. "सगळें नाहीं, पण थोडें ठाऊक होतें," तो म्हणाला. मीं विचारलें, ठाऊक होतें तर आम्हां मुलांच्या हातांत तीं पुस्तकें कशीं दिलींत? तो म्हणाला, "तूं मास्तर. तुला निकाल लावल्याशिवाय चैन पडत नाहीं. राचेवच्या अस्वलानें कोणाला मारलें, सांग." मीं म्हटलें, ज्यांनीं मारलें त्यांच्याच पैशानें तें अस्वल आपल्या घरीं आलें. यावर तो उठून बाहेर गेला. आम्हां दोघांत एवढें मोठें बोलणें तेंच.

१९९१ सालच्या डिसेंबरच्या २५ तारखेस क्रेमलिनवरचा तांबडा बावटा उतरला. पुढच्या शनिवारीं दादा आला, जेवला, गेला. त्या विषयावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

१९९३ सालीं दिवाळीच्या आधीं मीं माळा साफ करावयास घेतला. घराच्या वाटण्या होऊन गेल्या होत्या, जागा कमी झाली होती, लोखंडी पेटी गंजली होती. पेटी दादाची होती आणि त्याला एक शब्द विचारणें मला अवघड नव्हतें. मीं विचारलें नाहीं. रद्दीवाला दारांत आला आणि मीं पेटी त्याच्यापुढें उपडी केली. जागेसाठीं केलें असें मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतों. तें अर्धेंच खरें. तराजूच्या पारड्यांत तीं पुस्तकें पडलीं तेव्हां कोणाला तरी शिक्षा केल्याचें समाधान मला वाटलें होतें, हें आतां लपविण्यांत अर्थ नाहीं. अकरा किलो भरलीं. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. त्यांनीं मान वर करून पाहिलें आणि पुन्हां खालीं घातली. मीं पाहिलें तें न पाहिल्यासारखें केलें.

भाऊबीजेला दादा आला. माळ्यावर गेला आणि उतरून माझ्यासमोर उभा राहिला.

"पेटी?"

"रद्दींत दिली."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें एवढेंच विचारलें, "आजीचें पत्रहि?"

त्या क्षणापर्यंत तें पत्र पेटींत होतें याची मला आठवणहि नव्हती. मी तसाच चप्पल घालून रद्दीवाल्याकडे गेलों. माल दोन दिवसांपूर्वींच गांवांतल्या दुकानांत वांटला गेला होता. चार दुकानें मीं पालथीं घातलीं. एका वाण्याकडे मोहरीची पुडी मिळाली, तिच्यावर राचेवच्या लांडग्याचा एक कान होता. दादानें मला त्याबद्दल कधीं दूषण दिलें नाहीं. पुढें पुस्तकहि कधीं आणलें नाहीं. २०११ सालीं तो गेला.

आमच्या घरीं शिकावयास येणाऱ्या मुलांकडून मीं शाकुंतलाचा पांचवा अंक अनेकदां करवून घेतला आहे. त्याच्या आरंभीं हंसपदिकेचें गाणें कानीं येतें आणि दुष्यंत व्याकूळ होतो. जवळच्या कोणाचा विरह नसतांना ही हुरहूर कां, असें तो स्वतःला विचारतो, आणि पूर्वजन्मींचे कांहीं स्नेह जागे झाले असावेत अशी समजूत घालून घेतो. मी हें उत्कंठेचें सुंदर उदाहरण म्हणून सांगत असें. पन्नाशीनंतर मात्र त्याची दुसरी बाजू दिसूं लागली. पूर्वजन्म कशाला? ज्या स्त्रीला तो याच जन्मीं विसरला आहे, ती तेव्हां त्याच्या दाराशीं येऊन ठेपलेली आहे, आणि घटकाभरानें तो तिची ओळख नाकारणार आहे. हुरहूर खरी, राजानें केलेलें तिचें निदान तेवढें खोटें.

अलीकडे या पुस्तकांचें वेड पुन्हां वाढलें आहे. पन्नाशी-साठी गांठलेलीं माणसें जुन्या बाजारांत त्यांचा शोध घेतात, जवळच्या प्रतींचीं छायाचित्रें काढून इतरांना फुकट देतात. कांहीं मराठी तरुणांनीं त्यांवर एक माहितीपटहि केला आहे. यांपैकीं कोणाला ती राजवट परत हवी आहे असें मला दिसलें नाहीं. जर्मनीच्या पूर्व भागांत तर अशा हुरहुरीला एक स्वतंत्र शब्दच रूढ झाला आहे. मी या मंडळींना हसत नाहीं. चिरंजीवांनीं त्या छायाचित्रांतलीं तीन पुस्तकें माझ्या भ्रमणध्वनीवर उतरवून दिलीं तेव्हां रात्रीचे दोन वाजेपर्यंत मी जागा होतों. मात्र कोणी म्हणालें कीं, काय तो सोन्याचा काळ होता, तर मला ओलेइनिकोव आठवतो. आणि कोणी म्हणालें कीं, तो सगळा खोटा प्रचार होता, तर मला शाईचें चित्र आठवतें. ज्या कोणी तें काढलें त्याला किंवा तिला तेवढ्यासाठीं बढती मिळाली असेल असें वाटत नाहीं. बहुधा कचेरीची वेळ संपल्यावर काढलें असेल.

तर त्या पहांटे मीं नातवाला येमेल्याची गोष्ट सांगितली. बोलणारा मासा त्यानें आजीप्रमाणेंच सोडून दिला. "पण तो देश कुठे आहे? नकाशात दाखवा." नकाशा उघडला, तर त्यांत पंधरा नांवें. हातमोज्याची गोष्ट ज्या देशाची आणि चुलीची ज्या देशाची, त्या दोहोंत २०२२ सालापासून युद्ध पेटलें, हें त्याला कसें सांगावें तें मला सुचेना. तेवढें एक मीं टाळलें. मुलांपासून मजकूर दडविण्याबद्दल मी गैदार यांना बोल लावला होता, हें ध्यानांत आलें; तरीहि टाळलें. तो थोडा मोठा झाला म्हणजे सांगेन, असें म्हणतों.

त्याला चूल कशी असते तें पाहावयाचें होतें. मीं त्याच्याच वहींत पेन्सिलीनें काढावयास घेतली. विटा काढल्या, तोंड काढलें, वरचा कट्टा काढला, त्यावर पांघरूण घेतलेला येमेल्या. पायऱ्यांपाशीं हात अडला. त्या पत्रांतल्या पायऱ्या कोणत्या बाजूला होत्या, तें कांहीं केल्या आठवेना. उजवीकडे काढल्या, खोडल्या, पुन्हां उजवीकडेच काढल्या.

वहिनी मागें बसून वाती वळीत होत्या. त्यांचें वय आतां पंचाहत्तरीच्या पुढें आहे, दृष्टि मंद झाली आहे. बत्तीस वर्षांत त्या पेटीविषयीं त्यांच्या तोंडून मीं एक शब्द ऐकला नव्हता. त्यांनीं वहीकडे पाहिलेंहि नाहीं.

"पायऱ्या डावीकडे होत्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तीन. आणि तिसरीवर एक मांजर होतें."

नातवानें खोडरबर माझ्या हातांत दिलें.